एडक्याचा सिनेमा आणि माझं कुंकू

मित्रांनो, वालूरला आलात आणि मुंजाजींचा मेंढ्यांचा वाडा कुठे आहे असं विचारलंत, तर कुणीही दाखवील. त्या वाड्याच्या एका कोपऱ्यात कोकरांसाठी सावली केली आहे. चार बांबू, आणि वर मळकट पांढरं, जागोजागी शिवलेलं एक जाड कापड. ते कापड म्हणजे मी. तुम्ही मला ताडपत्री समजाल. कोकरं तर मला आभाळच समजतात. पण मी सिनेमाचा पडदा आहे. जुना आहे, थकलेला आहे, आणि खरं सांगायचं तर मला आता उजेडाचाही कंटाळा आला आहे.

माझा जन्म कापसाचा. वालूरजवळच्या आमच्या सेलूला कापसाचा मोठा बाजार भरतो. मला नेहमी वाटतं, माझा कापूसही इथूनच रेल्वेत बसून दूरच्या गिरणीत गेला असेल आणि कापड होऊन परत आला असेल. त्या बाजाराच्या, म्हणजे मोंढ्याच्या मागे, आमचे मालक दिनकरराव यांच्या वडिलांनी टॉकीज बांधली होती. तिचं छत टिनाचं, म्हणून लोक तिला टिनाची टॉकीज म्हणत. पाटीवर दुसरं नाव होतं, पण ते कधी कुणाच्या तोंडी बसलं नाही. गावातल्या एका शिंप्याने टॉकीजच्या फरशीवर माझे लांबलांब पट्टे अंथरले आणि गुडघ्यांवर रांगत मला शिवलं. नंतर मला पांढरा रंग दिला आणि अंगभर बारीक भोकं पाडली, कारण आवाजाचे कर्णे माझ्या पाठीमागे बसायचे होते. शिंप्याला पहिल्या खेळाला पुढच्या बाकावर बसवलं होतं. तो सगळा वेळ सिनेमा सोडून माझी शिवण बघत राहिला.

तुम्हाला वाटेल, या पडद्याने किती सिनेमे पाहिले असतील. एकही नाही. सिनेमा माझ्या अंगावर पडतो, मग तो मला कसा दिसणार? पाठीमागून त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. मला दिसतात समोरची माणसं. माझ्यावरचा उजेड उलटून त्यांच्या तोंडावर पडतो आणि मी त्यांच्याकडे बघत राहतो. उभा जन्म मी हेच केलं.

त्यातून एक गोष्ट कळली. रडवणं सोपं असतं. मागे जरा वाजंत्री लावली, कुणाची आई आजारी पाडली, की पदर डोळ्यांना लागतात. हसवणं मात्र महाकठीण. लोक हसायचं ठरवून येतात, दारातच हसरं तोंड करून आत शिरतात, आणि तरीही हसत नाहीत. विनोदी सिनेमा पडतो तेव्हा कुणी शिट्ट्या मारत नाही, कुणी भांडत नाही. लोक फक्त खुर्चीत अंग बदलतात. कुणी खोकतं. कुणी शेजाऱ्याला विचारतं, पाऊस येईल का. असले खोकले मी इतके ऐकले आहेत की पाटी लागली आणि खाली ‘पोट धरून हसाल’ असं लिहिलेलं कुणी वाचून दाखवलं, की माझ्या शिवणी आधीच दुखायला लागत.

तरी चांगले दिवस होते. पोळ्याला, दिवाळीला टॉकीज गच्च भरायची. दरवर्षी दिनकररावांचे वडील मला पांढरा रंग द्यायचे आणि चार पावलं मागे जाऊन म्हणायचे, “आता कसा दुधासारखा दिसायलाय.” पुढे ते गेले. रिळं गेली, त्यांच्या जागी एक डबा आला. घरोघरी टीव्ही आले, हाताहातात फोन आले. मग माझा रंगही बंद झाला. छतात कबुतरं राहायला आली. उंदराने माझा एक कोपरा कुरतडला, तो सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या सितारामने सुतळीने शिवला. सितारामचा हात जड, पण जीव चांगला. टॉकीज उघडी राहिली ती दिनकररावांच्या हट्टापायी. समोर कधी पाचसात माणसं असायची, आणि त्यांतली दोन सावलीत झोपायला आलेली.

अशा दिवसांत हरिओम आला.

हा हरिओम म्हणजे वालूरच्या मुंजाजी आणि कासाबाई यांचा मुलगा. मुंजाजींचं घर मेंढ्या राखणारं. त्यांना वाटायचं, पोराने काठी हातात घ्यावी. पोराने घेतला कॅमेरा. तो पुण्याला गेला, तिथे बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत राबला, आणि शेवटी स्वतःचा एक विनोदी सिनेमा वालूरात येऊन काढला. नाव ठेवलं ‘वाजत आला एडका’. एडका म्हणजे मेंढ्यांमधला नर. अख्ख्या गावाने त्या सिनेमासाठी घरं दिली, अंगणं दिली, भाकरी भाजल्या. चतुराबाई नावाच्या शेजारणीने तर सगळ्या मंडळींना महिनाभर पिठलं खाऊ घातलं.

कारण गोष्ट त्यांचीच होती. फार वर्षांपूर्वी वालूरातल्या एका लग्नात मुंजाजींचा सरदार नावाचा एडका वरातीत घुसला होता. तेव्हा काय गंमत झाली ते गावात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. कासाबाई ती गोष्ट सांगायला लागल्या की बायका हातातलं काम टाकून बसायच्या. हरिओम ती ऐकतच मोठा झाला. आता ती सिनेमात येणार म्हणून गाव नुसतं फुलून गेलं होतं.

खेळाच्या दिवशी हरिओम सकाळीच टॉकीजमध्ये आला. त्याने सितारामबरोबर खुर्च्या पुसल्या, मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“किती माणसं येतेन रे?” सितारामने विचारलं.

“अख्खं वालूर यायलंय, सितारामकाका.”

“मग झालं की. आणखी काय पाहिजे?”

हरिओमने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “आबा शेवटपोत बसले म्हंजी झालं.”

आबा म्हणजे मुंजाजी. हरिओमने सितारामला सांगितलं, की लहानपणी शाळेच्या संमेलनात त्याने नाटकात काम केलं होतं. मुंजाजी खांद्यावर घोंगडी टाकून समोर बसले होते. दिवस कलला तसे ते मधेच उठले आणि चालू लागले. मेंढरं वाड्यात कोंडायची वेळ झाली होती. कोंडताना ते स्वतः दारात उभे राहतात, एकेक मेंढरू हाताखालून आत सोडतात, हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. पण स्टेजवरच्या पोराला एवढंच दिसलं, की आबा उठले. तो पुढचं बोलणं विसरला आणि सगळी शाळा हसली. “तवापून मी काही केलं की मला त्यांची पाठच दिसती,” हरिओम म्हणाला. सिताराम नुसता खुर्ची पुसत राहिला.

दुपारी वालूर आलं. टेम्पोत बसून, मोटारसायकलींवर, एसटीने. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. कासाबाई सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. त्या थेट माझ्यासमोरच्या कट्ट्यावर चढल्या. दिनकरराव घाईघाईने पुढे आले.

“मामी, तिथं कुटं जायलाव?”

“माझ्या लेकराचं पयलं काम याच्या अंगावर दिसणार हाय,” कासाबाई म्हणाल्या. “याला कोरडं कसं ठिवावं?”

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ओल्या बोटाने मला हळद लावली, हळदीवर कुंकू लावलं, आणि ओवाळलं. मित्रांनो, माझ्यावर किती हिरो आले आणि किती गेले. लोकांनी त्यांच्यावर फुलं उधळली, चिल्लर उधळली. माझी कधी कुणी दखल घेतली नव्हती. त्या बाईचं बोट लागलं तेव्हा मला फार बरं वाटलं. डाग पडला, तो तुम्ही आजही बघू शकता.

पुढच्या बाकावर मुंजाजी बसले. शेजारी कासाबाई, त्यांच्या पलीकडे चतुराबाई. मुंजाजी टॉकीजमध्ये पहिल्यांदाच येत होते. घरी मेंढरांजवळ मुलगी बबिता होती, पण त्यांचा जीव तिकडेच. त्यांनी बसताबसताच सितारामला विचारलं, “किती वाजता सुटंल?” त्यातच लाईट गेली. खेळ उशिरा सुरू होणार हे कळलं तशी मुंजाजींनी छताच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप बघितली. हरिओम मागे दाराशी उभा होता आणि आबांकडे बघत होता.

कासाबाई चतुराबाईच्या कानात बोलत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं. “आता समदे मला हासतेन बघ,” असं म्हणताना त्यांना लाजही वाटत होती आणि त्यांचं तोंड आनंदाने उजळलंही होतं.

लाईट आली. सिनेमा सुरू झाला. माझ्या अंगावर काय दिसत होतं ते मी लोकांच्या बोलण्यावरून आणि नंतर कासाबाईंच्या तोंडून ऐकलं त्यावरून सांगतो.

पहिल्यांदा सगळं झकास चाललं. आपली वेस दिसली, आपला पार दिसला, आपलं म्हसोबाचं झाड दिसलं. “ती बघ आपली गल्ली,” “ते बघ दत्तरावांचं कवाड,” असा गलका झाला. मग पडद्यावरची माणसं बोलायला लागली, आणि माझ्यासमोरची तोंडं हळूहळू बावचळली. वालूरच्या पारावर बसलेली माणसं शाळेच्या पुस्तकासारखी बोलत होती. “अरे, तू हे काय करतो आहेस?” मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, “हे कुटले पावणे?”

याचं कारण मला आधीच ठाऊक होतं, कारण सकाळी खुर्च्या पुसताना हरिओमने तेही सितारामला सांगितलं होतं. पुण्याला सुरुवातीची वर्षं तो तोंड उघडायचा तेव्हा लोक हसायचे. ‘करायलाय’, ‘जायलाय’ म्हणून त्याच्या नकला व्हायच्या. तेव्हाच त्याने ठरवलं होतं, माझ्या गावाला असं कुणाला हसू द्यायचं नाही. म्हणून सिनेमातलं सगळं वालूर त्याने धुऊन, इस्त्री करून उभं केलं. मग हसायला काय उरलं? एक जाडा सरपंच पाय घसरून पडायचा. पडला की माझ्या पाठीमागच्या कर्ण्यातून ‘टॉंय’ असा आवाज यायचा. थोड्या वेळाने तो पुन्हा पडायचा. पुन्हा टॉंय. त्या आवाजाने माझी पाठ बधिर झाली, पण समोर कुणी हसेना.

फक्त कासाबाई हसत होत्या. सरपंच पडला की मोठ्याने हसायच्या, मग मागे वळून बायकांकडे बघायच्या, म्हणजे बायांनो, हसा की. एकदोघी त्यांच्यासाठी म्हणून हसल्या. मी जन्मभर हसणं ओळखत आलो आहे. ते हसणं पोटातून येत नव्हतं. ती आई आपल्या पोराची झाकली मूठ धरून बसली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं मला. आणि मला तर डोळे मिटायचीही सोय नाही.

मध्यंतराच्या जरा आधी एकदाच टॉकीज खरीखुरी हसली. सरपंचाचं तोंड मोठं होऊन पडद्यावर आलं, आणि त्याच्या नाकाचा शेंडा नेमका माझ्या कुंकवावर येऊन टेकला. लालभडक नाक घेऊन तो रागारागाने भाषण करायला लागला. तो डावीकडे वळला की कुंकू गालावर, उजवीकडे वळला की कानावर. पोरं बाकांवर उभी राहिली. बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुंजाजींची मिशीही जरा हलली. दाराशी हरिओमने मान वर केली. क्षणभर त्याला वाटलं असेल, लागला सिनेमा रंगाला. मग लोक कशाला हसतात हे त्याला दिसलं आणि त्याची मान पुन्हा खाली गेली. माझ्यामुळे झालं ते, पण मला त्याचा काही आनंद झाला नाही.

मध्यंतरानंतर माणसं कमी झाली. एसटी चुकेल, जनावरं बांधायची आहेत, लेकरू रडतंय, असं काही ना काही सांगून लोक उठत होते. कुणी वाईट वागलं नाही. जाताना प्रत्येक जण हरिओमच्या खांद्यावर हात ठेवून “छान हाय” म्हणत होता. इतक्या जणांनी इतकं हळू आवाजात म्हटलेलं ‘छान हाय’ मी कधी ऐकलं नव्हतं.

जे थांबले होते ते एकाच गोष्टीसाठी. एडका अजून यायचा होता.

शेवटी तो आला. कर्ण्यातून ढोल वाजायला लागला, वरात निघाली, आणि कासाबाई पदर सावरून सरळ बसल्या. चतुराबाईने त्यांचा हात धरला. पुढे काय होणार ते गावाला पाठ होतं. एडका ढोलातून तोंड आरपार काढून मांडवाच्या दारात येणार, आणि तिथे नवरदेवाला ओवाळायला उभी असलेली तरणी कासाबाई त्या एडक्यालाच ओवाळणार.

पण पडद्यावर मांडवाच्या दारात कासाबाई नव्हती. तिथे कुणी शहरातून आलेली शहाणी बाई उभी होती. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. तिला एडका लांबूनच ओळखू आला. तिने ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “थांबा, हा तर प्राणी आहे. याला घाबरवू नका.” मग सरपंच पडला. टॉंय.

टॉकीजमध्ये कुणी खोकलंही नाही. चतुराबाईने कासाबाईंचा हात सोडला नाही, पण त्यांच्याकडे बघितलंही नाही. कासाबाईंचं हसणं तिथे थांबलं ते थांबलंच. त्या मांडीवरच्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिल्या. त्या एवढुशा झालेल्या दिसत होत्या.

आणि मुंजाजी उठले.

त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. छतातली तिरीप विझत आली होती. ते मधल्या वाटेने चालत दाराशी गेले. हरिओम बाजूला झाला. त्याने आबांकडे बघितलं नाही. दार उघडलं, बाहेरचं पिवळं ऊन आत आलं, आणि दार मिटलं. त्या क्षणी मला त्या पोराचं तोंड दिसलं. त्यावर सिनेमाचा उजेड नाचत होता, पण तोंड बारा वर्षांच्या पोराचं होतं.

उरलेलेही पांगले. चतुराबाई शेवटच्या टेम्पोत गेल्या. समोर फक्त कासाबाई राहिल्या. मलाही वाटलं, सितारामने आता मशीन बंद करावं. कुणाला कशासाठी छळायचं?

तेवढ्यात दार उघडलं. मुंजाजी परत आत आले. ते मधल्या वाटेने खाली आले, घोंगडीची घडी केली, ती बाकावर ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

“गेलते कुटं?” कासाबाईंनी विचारलं.

“बबिताला फोन लावाया. आत आवाज येईना. मनलं तूच कोंड आज मेंढरं. दारात उभी ऱ्हा, एकेक सोड.”

“आन् ती कोंडंल?”

“कोंडंल की. बगू दे मला.”

आणि त्यांनी बघितला. सरपंच आणखी कितीदा तरी पडला. मुंजाजी हसले नाहीत. त्यांनी अंगही बदललं नाही. रानात कोकराची वाट बघत बसावं तसे ते बसून राहिले. गाणं आलं, बोधाचं भाषण आलं, शेवटी नावं आली, तीही वर सरकून गेली. माझ्या अंगावर नुसता पांढरा उजेड राहिला, तरी ते उठेनात. मग सितारामने दिवे लावले आणि म्हणाला, “संपलं, मुंजाजी.”

हरिओम हळूहळू खाली आला आणि कट्ट्यावर, माझ्या पायाशी बसला. मायबाप समोर बाकावर. वर कबुतरं घुमत होती.

“मला काय हासू आलं न्हाई, हरिओम,” मुंजाजी म्हणाले.

“माहीत हाय, आबा.”

“पर बसलो शेवटपोत.”

हरिओमने मान हलवली. मग कासाबाई म्हणाल्या, अगदी शांतपणे, “मला कामून काढलास रे त्यातून?”

“माय, लोक तुला हासले असते.”

“मग ते हासायालाच आल्ते की.”

मी इतकी वर्षं कर्ण्यांतून मोठमोठे संवाद ऐकले, मित्रांनो. याच्यापुढे मला त्यांतला एकही आठवत नाही.

कासाबाईंना मात्र आता राहवेना. त्या बाकावरून उठल्या, ताट हातात घेतलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “अरे, मी नवी सून. थोरल्या जावेनं सांगितल्यालं, ढोल दारात आला की मान वर करायची न्हाई, निस्तं ओवाळायचं. आला ढोल. मला पदरातून दिसायलाय निस्ता ढोल. आता त्या सरदारनं ढोलात टक्कर देऊन तोंड आरपार काढलंय आन् वाजवणारा मागं बोंबलत यायलाय, हे मला काय माहीत? मी ओवाळलं. कुंकू लावाया कपाळाला हात लावला, तर हाताला नुसते केस. मनलं, नवरदेव लय केसाळ दिसायलाय.”

सितारामने फिसकन हसू सोडलं.

“मग साखर घातली तोंडात, तर त्यानं ताटातलं पानबी वढलं. मनलं, असू दे बाई, सकाळपून उपाशी असंल. अक्षता टाकल्या, त्याबी खाल्ल्या. मग मला मागून आवाज आला...”

त्या थांबल्या आणि मुंजाजींकडे बघितलं. मुंजाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त जुन्या सवयीने ते वाक्य पुरं केलं. “कासे, त्यो आपला सरदार हाय.”

आणि मुंजाजी हसले. आधी मिशी हलली, मग खांदे, मग पोट. त्यांना आवरेना. त्यांनी ओंजळीत तोंड घातलं. सिताराम भिंतीला टेकला. दाराशी दिनकरराव येऊन उभे होते, ते डोळे पुसायला लागले. हरिओम हसत होता, आणि हसता हसता रडायला लागला, आणि कासाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आता बघ, जमलं का न्हाई.” माझ्या अंगावर तेव्हा उजेड नव्हता, चित्र नव्हतं. टिनाच्या टॉकीजमध्ये झालेला सगळ्यात चांगला विनोदी खेळ तो. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, कारण त्या वेळी तो माझ्या अंगावर नव्हता, माझ्यासमोर होता.

सिनेमा तीनचार दिवसांत उतरला. वर्तमानपत्रात कुणी दोन ओळी लिहिल्या, की फार अपेक्षा होत्या, पदरी निराशा आली. खरं होतं ते. पुढच्या वर्षी दिनकररावांनीही हात टेकले आणि टॉकीज पाडायला काढली. खुर्च्या गेल्या, टिन गेलं. भंगारवाला माझी घडी घालायला लागला तेव्हा दिनकरराव मधे आले. “त्याला हात लावू नका. मामीनं कुंकू लावल्यालं हाय. कुंकू लावलेली चीज भंगारात कशी घालू?” त्यांनी हरिओमला फोन केला. असा मी वालूरला आलो.

आता माझ्यावर पाऊस पडतो, ऊन पडतं, चिमण्या घाण करतात. शिवणी उसवल्या आहेत. पूर्वीसारखं ताठ राहणं जमत नाही आणि राहायची हौसही नाही. खाली कोकरं असतात. ती कधी हसत नाहीत, पण मधेच उठूनही जात नाहीत. सुट्टी काढून आला की हरिओम त्यांच्यात बसतो. कासाबाई बोलतात आणि तो ऐकतो. पुन्हा काहीतरी करतोय म्हणे. ते जमेल की नाही, मला ठाऊक नाही. दिवस कलला की मुंजाजी मेंढरं घेऊन येतात, बबिताला हाक मारून दारात उभी करतात आणि स्वतः येऊन पोराशेजारी टेकतात. “कुटवर आलं?” असं विचारतात. आणि तो सांगेपर्यंत बसून राहतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाचं नाटक बघाल, गाणं ऐकाल, कुणी चित्र काढून तुमच्यापुढे धरेल. सगळ्यांचं सगळं जमतंच असं नाही. नाही जमलं तर नाही जमलं म्हणा. खोटं हसू नका, खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात ‘छान हाय’ म्हणू नका. पण तेवढं बसा. मेंढरं कुणीतरी कोंडतं, एसटी दुसरी मिळते. मी जन्मभर समोरून बघत आलो आहे, म्हणून सांगतो. तुम्ही उठून जाता तेव्हा तुमची पाठ तुम्हाला दिसत नाही. दाराशी उभा असतो, त्याला दिसते.